नानांचे व्हिडिओ यंत्र

"साहेब, सगळ्यात चांगलं कोणतं?"

हा प्रश्न मला नोकरीच्या तीस-बत्तीस वर्षांत किती वेळा विचारला गेला असेल, त्याची मोजदाद नाही. कधी बियाण्याबद्दल, कधी फवारणीच्या पंपाबद्दल, कधी ठिबकच्या संचाबद्दल. पंचायत समितीच्या कचेरीत, बांधावर, एस. टी.च्या थांब्यावर, एवढेच काय, लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणी तरी शेजारी येऊन बसतो आणि हळूच विचारतो. सुरुवातीच्या काळात मी पटकन उत्तर देऊन मोकळा होत असे. बी.एस्सी. कृषीची पदवी ताजी होती, प्रात्यक्षिकांचे आकडे जिभेवर होते. आता मात्र उत्तर देण्याआधी मीच उलट चार प्रश्न विचारतो. ही सवय मला महाविद्यालयाने लावली नाही. ती लावली माझ्या धाकट्या चुलत्यांच्या व्हिडिओ यंत्राने. पण तो धडा माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत भलत्याच माणसाने मोजली. ती हकीकत आज सांगतो.

आमचे गाव माण तालुक्यातले. पाऊस कमी, जमीन हलकी. त्यामुळे घरटी एक तरी गडी मुंबईला असायचा. आमच्या घरातून नाना गेले होते. लालबागला राहायचे आणि गिरणीत साच्यावर काम करायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणता म्हणता वर्ष उलटले. शेवटी १९८३ च्या उन्हाळ्यात नाना वळकटी घेऊन गावी परत आले. येताना वळकटीबरोबर एक मोठे खोकेही होते. त्यात व्हिडिओ यंत्र होते.

आजच्या मुलांना ते यंत्र काय, हे सांगायला हवे. आता मोबाईलवर बोट फिरवले की सिनेमा दिसतो. तेव्हा सिनेमा जाडजूड कॅसेटमध्ये फितीवर भरलेला असे. कॅसेट यंत्रात घालायची, यंत्र टी.व्ही.ला जोडायचे, की पडद्यावर चित्र. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, १९८२ साली, दूरदर्शन रंगीत झाले आणि शहरांतून या यंत्राचे वेड पसरले. एका खोलीत पन्नास माणसे बसवून सिनेमा दाखवायचा धंदा नानांनी मुंबईत डोळ्यांनी पाहिला होता. गिरणी तर गेली, निदान हा धंदा तरी गावात करू, असा त्यांचा विचार. शिल्लक होती ती घातली, कमी पडले तेव्हा काकूंच्या पाटल्या मोडल्या.

दुकानात त्यांना दोन तऱ्हेची यंत्रे दाखवली होती. एक बीटा आणि दुसरे व्ही.एच.एस. दोन्हींची कॅसेट वेगळी, एकाची दुसऱ्यात जात नसे. दुकानदाराने दोन्ही शेजारी ठेवून लावून दाखवली. नानांना बीटाचे चित्र जास्त स्वच्छ वाटले. कॅसेटही लहान, आटोपशीर. शिवाय ते यंत्र आधी कोणी तरी वापरलेले, म्हणून हजार-दीड हजाराने स्वस्त. नानांनी चांगले आणि स्वस्त ते उचलले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

पहिले वर्ष मोठ्या आनंदाचे गेले. गावच्या सुताराकडून नानांनी यंत्रासाठी सागवानी पेटी करून घेतली. आतून काकूंनी जुन्या लुगड्याची गोधडी शिवून लावली, म्हणजे बैलगाडीच्या हिसक्यांनी यंत्राला धक्का बसायला नको. टी.व्ही. दहिवडीहून भाड्याने आणायचा, कॅसेटी साताऱ्याहून. देवळासमोरच्या पटांगणात पोती अंथरायची. मोठ्या माणसाला रुपया, पोरांना आठ आणे. परवाना, हक्क या गोष्टींची जाण ना दाखवणाऱ्याला होती ना पाहणाऱ्याला. मी तेव्हा नववीत होतो. साताऱ्याला जाऊन कॅसेटी आणायचे काम माझ्याकडे असे. यात्रांच्या दिवसांत शेजारच्या गावांतूनही बोलावणे येई. एका हंगामात नानांनी काकूंची एक पाटली परत केली होती.

साताऱ्याच्या त्या दुकानात भिंतीला कॅसेटींची फडताळे होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक अख्खे फडताळ बीटाचे आणि दोन व्ही.एच.एस.ची. सहा महिन्यांनी बीटाचे अर्धे झाले. १९८५ च्या दिवाळीत मी गेलो, तर खालच्या फळीवर पंधरा-वीस कॅसेटी उरलेल्या. दुकानदार म्हणाला, "पोरा, नवीन शिनेमा आता त्यात येत न्हाई. तुझ्या चुलत्याला म्हणावं, यंत्र बदल."

बदलायला पैसे कुठले? नानांनी त्या उरलेल्या कॅसेटींतल्या अकरा विकत घेतल्या. मग तेच अकरा सिनेमे फिरून फिरून. गावातली पोरे पडद्यावरच्या माणसाच्या आधी त्याचे बोलणे म्हणून दाखवू लागली. त्याच सुमारास पलीकडच्या गावात एकाने व्ही.एच.एस. आणले. त्याच्याकडे दर आठवड्याला नवा सिनेमा. आमच्या पटांगणातली पोती रिकामी राहू लागली. पुढच्या वर्षी आमच्या यंत्रातले चित्र टिपणारे डोके झिजले. साताऱ्यात मिळाले नाही, पुण्यात मिळाले नाही. यंत्र सागवानी पेटीत बंद झाले. नाना पुन्हा शेताकडे वळले. काकूंची दुसरी पाटली परत आलीच नाही.

मी एकदा धीर करून विचारले, "नाना, दुसरं यंत्र का न्हाई घेतलं तवा?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चित्र चांगलं हुतं रं ह्याचं."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. चांगली वस्तू घेतलेला माणूस बुडाला आणि त्याहून थोडी उणी घेतलेला तरला, हे कसे? पुढे नोकरीत आल्यावर या विषयावर जे हाती लागले ते वाचत गेलो.

बीटामॅक्स हे यंत्र जपानच्या सोनी कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणले. त्यातली करामत शेतकऱ्याला चटकन कळेल अशी आहे. अर्धा इंच रुंदीच्या फितीवर चित्राच्या तिरक्या रेघा ओढलेल्या असतात, जशी पट्टीत तिरकी तासे मारावीत. आधीच्या यंत्रांत दोन रेघांमध्ये मोकळी जागा सोडत, म्हणजे एकीचे चित्र दुसरीत मिसळू नये. आपण दोन वावरांमध्ये बांध ठेवतो तसेच. पण बांधात जमीन वाया जाते. बीटामध्ये चित्र टिपणारी दोन डोकी एकमेकांच्या उलट अंगाला जराशी कलती बसवली. त्यामुळे रेघा चिकटून असल्या तरी एकीतले दुसरीत मिसळत नसे. बांध मोडून सगळी पट्टी लागवडीखाली आली आणि कमी फितीत जास्त चित्र मावू लागले. जागा न सोडता भरून काढणे या अर्थाचा जपानी शब्द 'बेटा' असा आहे, त्यावरूनच हे नाव पडले.

सोनीने हे यंत्र बाजारात येण्याआधीच, १९७४ मध्ये, दुसऱ्या मोठ्या जपानी कंपन्यांना दाखवले होते. सगळ्यांनी हीच पद्धत घ्यावी अशी त्यांची इच्छा होती. पण जे.व्ही.सी. कंपनीचे स्वतःचे काम चालू होते. त्यांनी १९७६ मध्ये व्ही.एच.एस. आणले. बांध मोडण्याची युक्ती त्यांनीही वापरली. फरक ठेवला तो दुसऱ्याच ठिकाणी. त्यांची कॅसेट आकाराने मोठी होती आणि फीत थोडी सावकाश फिरे. त्यामुळे सुरुवातीच्या बीटा कॅसेटमध्ये एक तास मावे, तर व्ही.एच.एस.मध्ये दोन तास.

इथेच खरी मेख होती. सोनीचे आकिओ मोरिता यांच्या मनात होते की, टी.व्ही.वरचा कार्यक्रम टिपून ठेवावा आणि सवडीने पाहावा. त्याला एक तास पुरे. चित्र स्वच्छ आणि कॅसेट हातात मावेल एवढी असली म्हणजे झाले. पण गिऱ्हाइकाला पुरा सिनेमा हवा होता. अमेरिकेत तर फुटबॉलचा अख्खा सामना हवा होता आणि तो तीन तासांवर जातो. तिथल्या आर.सी.ए. कंपनीने लांब वेळेची मागणी केली, तेव्हा जपानच्या मात्सुशिता कंपनीने चार तास चालणारे व्ही.एच.एस. यंत्र बनवून दिले. १९७७ मध्ये ते अमेरिकेत विकायला आले. सोनीनेही पुढे वेळ वाढवला. आपल्याकडे यंत्रे आली तेव्हा तर बीटाच्या मोठ्या कॅसेटमध्ये तीन तासांहून जास्त मावत होते. म्हणजे नानांना पुरा हिंदी सिनेमा दाखवता येत होता. पण तोवर जगातला निवाडा होत आला होता.

दुसरी गोष्ट अशी की, जे.व्ही.सी.ने आपली पद्धत इतरांना मोकळ्या हाताने दिली. मात्सुशिता, हिताची, शार्प, मित्सुबिशी अशा कितीतरी कंपन्या व्ही.एच.एस. यंत्रे करू लागल्या. बीटाकडेही तोशिबा, सान्यो यांसारखे सोबती होते, पण समोरचा कळप मोठा झाला. करणारे जास्त म्हणून यंत्रे जास्त आणि स्वस्त. यंत्रे जास्त म्हणून दुकानदार त्याच कॅसेटी ठेवणार. कॅसेटी त्याच म्हणून नवे गिऱ्हाईक तेच यंत्र घेणार. पाणी उताराकडेच जाते, तसे हे. साताऱ्यातल्या त्या फडताळावर मी जे पाहिले ते तोक्योत आणि न्यूयॉर्कात आधीच घडलेले होते. दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता.

आणि चित्राचे म्हणाल, तर बीटाचे चित्र थोडे सरस होते हे खरे, पण थोडेच. घरच्या साध्या टी.व्ही.वर दोन यंत्रे शेजारी ठेवली तरच ते जाणवायचे. दुकानात शेजारी ठेवून पाहणारा एकदाच पाहतो. घरी नेल्यावर शेजारी ठेवायला दुसरे यंत्र कुठे असते?

१९८४ च्या जानेवारीतली एक मौजेची गोष्ट आहे. युनिव्हर्सल आणि डिस्ने या सिनेमा कंपन्यांनी १९७६ मध्ये सोनीवर दावा लावला होता. घरी बसून टी.व्ही.वरचे कार्यक्रम टिपून घेणे ही आमची चोरी आहे, असे त्यांचे म्हणणे. तो दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ जानेवारी १९८४ रोजी नऊ न्यायाधीशांपैकी पाच सोनीच्या बाजूने पडले आणि सोनी जिंकली. त्याच महिन्यात जपानच्या वर्तमानपत्रांतून सोनीने चार दिवस ओळीने मोठ्या जाहिराती दिल्या. बीटामॅक्स बंद पडणार का, ते घेतले तर नुकसान होणार का, असे प्रश्न मोठ्या अक्षरांत छापले आणि शेवटच्या दिवशी बीटामॅक्सची थोरवी सांगितली. आपल्याकडे एखाद्या पतपेढीने 'ठेवी सुरक्षित आहेत' असा फलक लावला की दुसऱ्या दिवशी दाराशी रांग लागते. तिथेही लोक बिथरायचे तेवढे बिथरले. कोर्टात जिंकलेला बाजारात हरला. शेवटी १९८८ मध्ये सोनीने स्वतःच व्ही.एच.एस. यंत्रे करायला घेतली. बीटामॅक्स यंत्रे थोडीथोडी निघत राहिली, ती २००२ मध्ये बंद झाली. कॅसेटी मार्च २०१६ मध्ये बंद झाल्या.

हे सगळे मी वाचले होते. लोकांना गप्पांत सांगतही होतो. पण वाचलेले अंगी लागतेच असे नाही.

१९९९ साल. मी दुसऱ्या एका तालुक्यात विस्तार अधिकारी होतो. तिथल्या एका शेतकऱ्याने सव्वा एकर डाळिंब लावले होते. ठिबक बसवायचे म्हणून तो माझ्याकडे आला आणि नेहमीचाच प्रश्न केला, "साहेब, सगळ्यात चांगलं कोणतं?" मी नुकताच एका प्रदर्शनातून आलो होतो. तिथे परराज्यातल्या एका कंपनीचा संच पाहिला होता. पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला अगदी सारखे पाणी पडत होते. मी मोजपात्र लावून स्वतः मोजले होते. मी छातीठोकपणे सांगितले, "हाच घ्या." त्याने सोसायटीचे कर्ज काढून घेतला.

दोन वर्षे संच उत्तम चालला. मग त्या कंपनीच्या एजंटाने तालुक्यातले दुकान बंद केले. संचाच्या नळ्यांचे माप काही तरी वेगळेच होते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या १२ आणि १६ मिलिमीटरच्या जोडण्या त्याला बसत नव्हत्या. तोवर कोणाच्या ते ध्यानातही आले नव्हते, माझ्यासुद्धा. २००३ चा तो दुष्काळी उन्हाळा आला. रानात कुठे ओल नाही. उंदीर आणि खारी पाण्याच्या वासाने नळ्या कुरतडू लागल्या. शेजाऱ्याच्या बागेतही कुरतडत होत्या, पण तो तालुक्याहून दोन रुपयांची जोडणी आणून पाच मिनिटांत नळी सांधायचा. आमचा शेतकरी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळत बसायचा. एकीकडे बांधले की दुसरीकडे फुटायचे. टँकरने विकत आणलेले पाणी वाटेतच मुरायचे. मी गेलो तेव्हा खालच्या अंगाची निम्मी झाडे वाळून काटक्या झाली होती.

मला वाटले, हा माणूस आता मला चार शब्द सुनावणार. सुनावले असते तर बरे झाले असते. त्याने मला खाटेवर बसवले, चहा दिला आणि म्हणाला, "पाणी सारखं पडत हुतं साहेब, त्ये खोटं न्हाई."

नानांचेच वाक्य. शब्द तेवढे वेगळे. त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात एकदा घडलेले, पुस्तकात वाचलेले, सगळे मला ठाऊक होते आणि तरी मी दुकानात यंत्रे शेजारी ठेवून पाहणाऱ्यासारखाच वागलो होतो. उरलेली झाडे वाचवायला आम्ही बाजारात मिळणाऱ्या मापाच्या नळ्या टाकल्या. थोडा खर्च मी उचलला. त्याने तो घ्यायला नको म्हटले, मी ऐकले नाही. पण निम्मी बाग गेली ती गेली.

तेव्हापासून कोणी 'सगळ्यात चांगलं कोणतं' विचारले की मी विचारतो: तुम्हाला ते कशासाठी आणि किती वेळ चालवायचे आहे? पाच कोसांत आणखी कोणाकडे ते आहे? मोडले तर सुटा भाग कुठे मिळेल? आणि विकणारा उद्या निघून गेला, तर दुसऱ्याचे त्याला बसेल का? या चारांची उत्तरे मिळाली, मग उत्पादनाचे आणि गुणाचे आकडे पाहू.

याचा अर्थ नव्याला हात लावू नये असा नाही. तसे असते तर माझ्या खात्याला टाळेच लागले असते. कोणी तरी पहिल्यांदा करून बघावेच लागते. पण पहिल्याने करायचे तर एका सरीत करावे, सगळ्या रानात नाही. नानांनी सगळी शिल्लक एका खोक्यात घातली, तिथे चूक झाली. आणि मी शेतकऱ्याला सव्वा एकर एकदम करायला लावले, तिथे माझी.

आणखी एक गोष्ट. बीटाच्याच घराण्यातले बीटाकॅम नावाचे यंत्र सोनीने १९८२ मध्ये टी.व्ही. केंद्रांसाठी काढले. कॅसेटचा आकार तोच, पण फीत कितीतरी वेगाने फिरायची. एका कॅसेटमध्ये वीस-तीस मिनिटेच मावत. जगभरच्या बातम्यांचे चित्रण पुढे कित्येक वर्षे त्यावर झाले. तिथे चित्राच्या स्वच्छतेलाच मोल होते, वीस मिनिटे पुरत होती आणि केंद्रातली सगळी यंत्रे एकाच जातीची होती. घरात हरलेले वाण स्टुडिओत नांदले. वाण तेच, जमीन वेगळी. उलट जिंकलेले व्ही.एच.एस.ही काही कायमचे राहिले नाही. तबकड्या आल्या आणि तेही मागे पडले. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये त्याची यंत्रे करणे थांबवले. बीटाच्या कॅसेटी बंद झाल्या, त्याच वर्षी. म्हणून जिंकणाऱ्याने फार मिरवू नये आणि हरणाऱ्याला कोणी मूर्ख म्हणू नये.

नाना २०११ मध्ये वारले. यंत्र त्याआधीच भंगारात गेले होते. सागवानी पेटी मात्र काकूंनी जाऊ दिली नाही. आत लुगड्याची गोधडी अजून आहे. काकू तिच्यात शाळूचे बी ठेवतात. गेल्या रब्बीत मी गावी गेलो तेव्हा त्यांनी पेटीतून मूठभर बी काढून माझ्यापुढे धरले आणि विचारले, "ह्ये चांगलं का तुमचं नवं चांगलं?"

मी म्हटले, "काकू, यंदा दोन्ही पेरू. एक-एक पट्टी."